ओमेगाच्या शाली

टेक्ससमधल्या प्लेनोतला ऑगस्ट म्हणजे आमच्या नागपूरचा मे. फरक एवढाच, की नागपुरात या उन्हाला शाळा-कॉलेजं बंद ठेवतात आणि इथे उघडतात. सकाळी नऊला ड्राइव्हवेवर अनवाणी उभं राहून दाखवावं कोणी. अशा उन्हात आमच्या रस्त्यावरची एकेक गॅरेजं उघडतात आणि छोटे फ्रिज, गुंडाळलेल्या गाद्या, हँगरचे गठ्ठे, प्लास्टिकचे ड्रॉवर बाहेर येतात. गाड्या भरतात. मग कोणाची तरी थोरली बहीण पांढऱ्या रंगाने मागच्या काचेवर मोठाली ग्रीक अक्षरं काढते. ती अक्षरं दिसली की माझं डोकं फिरतं. येत्या ऑक्टोबरात चार वर्षं होतील, पण अजून फिरतं.

परवा शेजारची शिल्पा घाम पुसत आली. तिची रिया यंदा कॉलेजला निघाली आहे आणि पहिल्याच आठवड्यात रश करणार आहे. रश म्हणजे मुलींनी नवे कपडे घालून या सोरोरिटीच्या, म्हणजे मुलींच्या संघटनेच्या, घरातून त्या सोरोरिटीच्या घरात जायचं, हसून हसून गाल दुखवून घ्यायचे आणि कोणी आपल्याला पसंत करतंय का याची वाट बघायची. कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणजे हाच की. आपण तो सोडून सातासमुद्रापार आलो आणि आपल्या मुली हौसेने त्यात बसल्या.

"अगं, ती म्हणते, तिला जिथे जायचंय त्यांचा चॅप्टर बीटा कप्पा आहे. मग त्या काचेवर तिसरंच काहीतरी काय लिहिलंय?" शिल्पाने विचारलं.

"मला नको विचारूस. मला त्या विषयाचा वैताग आहे," मी म्हटलं, आणि पुढची वीस मिनिटं तिला उन्हात उभं करून सगळं सांगितलं. वैताग आलेल्या विषयावर माणूस जरा जास्तच बोलतो.

तर ते असं असतं. अख्ख्या संघटनेचं नाव दोन-तीन ग्रीक अक्षरांचं. ते एक झालं. मग तिच्या गावोगावच्या कॉलेजांत शाखा, त्यांना म्हणायचं चॅप्टर, आणि प्रत्येक शाखेला पुन्हा वेगळं ग्रीक अक्षर. पहिली शाखा अल्फा, दुसरी बीटा, तिसरी गॅमा. अक्षर ना गावावरून, ना गुणावरून, ना कोणा पुण्यवान बाईवरून. नुसतं रांगेतल्या नंबरावरून. अक्षरं चोवीस. ती संपली की जोडाक्षरांसारख्या जोड्या सुरू: अल्फा अल्फा, अल्फा बीटा. बसस्टँडवर कंडक्टर ओरडतो ना, अमरावती अमरावती, तसं. काही संघटना राज्याचं नाव पुढे लावून प्रत्येक राज्यात पुन्हा अल्फापासून मोजतात. आणि एखादी शाखा बंद पडली तरी तिचं अक्षर दुसऱ्या कोणाला देत नाहीत. ते तसंच रिकामं ठेवतात, त्या कॉलेजात पुन्हा कोणी शाखा उघडेपर्यंत. आमचे मिलिंद, म्हणजे माझे यजमान, कंपनीत डेटाबेस सांभाळतात. त्यांना हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणाले, "बरोबर आहे. जुना नंबर नव्याला देऊ नये, घोळ होतो." नवऱ्याकडून सहानुभूतीची अपेक्षा ठेवणाऱ्या बाईने डेटाबेसवाला करू नये.

शिल्पाला हे सगळं सांगितलं. शालींचं मात्र नाही सांगितलं.

आमची ईरा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा. आमच्यापासून चार तासांच्या ड्राइव्हवर तिचं कॉलेज. पहिल्या वर्षी तिने रश केलं आणि तिला कोणीच घेतलं नाही. त्या आठवड्यात तिचे फोन आले नाहीत. एकदाच आला आणि ती नुसती "आय अ‍ॅम फाइन, आई," म्हणत राहिली. आय अ‍ॅम फाइन म्हणजे काय हे कळायला मला इंग्रजीचा क्लास नको होता. मग दुसऱ्या वर्षी ही पोरगी म्हणते, आम्ही वीस-एकवीस जणी मिळून आमचीच नवी शाखा आणतोय. एक जुनी संघटना आहे, तिची शाखा आमच्या कॉलेजात नाही. आम्ही सिद्ध केलं की आम्ही टिकू, तर ते आम्हाला अक्षर देतील. आणि ईरा त्यांची अध्यक्ष.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. जिला कोणी घरात घेतलं नाही, तिने स्वतःचं घर बांधायला घेतलं. पण आनंद झाला की मी गप्प बसत नाही, हाच माझा दोष. मी इथल्या महाराष्ट्र मंडळात नऊ वर्षं कार्यकारिणीवर काढली आहेत. कोणी काही चांगलं केलं की आम्हाला एकच सुचतं: शाल आणि श्रीफळ. निवृत्त झाला, शाल-श्रीफळ. पोराला स्पेलिंगचं बक्षीस मिळालं, शाल-श्रीफळ. तबलजीची फ्लाइट चुकली आणि तो आलाच नाही, तर त्याच्या जागी ऐनवेळी ठेका धरणाऱ्याला शाल-श्रीफळ.

त्या सप्टेंबरात मी रोज विचारायचे, "मिळालं का गं अक्षर?"

"आई, ते चॅप्टर उघडतात त्या दिवशी, इन्स्टॉलेशनला, अनाउन्स करतात. त्याआधी सांगायचं नसतं."

"पण अंदाज?"

"आई. प्लीज."

मला त्यातही आपलंच काहीतरी दिसलं. बारशाला नाही का, नाव आधीच ठरलेलं असतं, पण आत्याने बाळाच्या कानात सांगेपर्यंत कोणी उच्चारायचं नाही. ईराच्या बारशाची माझी हौस अपुरी राहिलेली. गुरुजींनी नागपूरहून फोनवर नक्षत्र बघून अक्षर कळवायच्या आधी हॉस्पिटलातली बाई फॉर्म घेऊन उभी होती: नाव सांगा, डिस्चार्ज घ्या. घाईघाईत ईरा लिहिलं. मग अक्षर आलं ते 'त'. बाराव्या दिवशी कानात काय सांगणार? सरकारदरबारी पोहोचलेलं नाव? तेव्हा म्हटलं, चला, वीस वर्षांनी का होईना, पोरीला रांगेतून अक्षर मिळतंय. या बारशाला मी कमी पडणार नाही.

मग मी स्वतःच शोध लावला. संघटनेच्या वेबसाइटवर शाखांची यादी होती. शेवटची उघडलेली शाखा फ्लोरिडात, साय. मी ग्रीक अक्षरांचा तक्ता प्रिंट करून फ्रिजवर लावला, बोट ठेवून मोजलं. साय तेविसावं. त्याच्यापुढे एकच उरतं, ओमेगा. शेवटचं अक्षर, सगळ्या रांगेचा कळस, आणि ते माझ्या पोरीला. एका शब्दाने कोणाला विचारलं नाही. ईराला विचारलं असतं तर सरप्राइज गेलं असतं. विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलंही असतं, पण ते आता बोलून काय उपयोग.

माझी कॉलेजची मैत्रीण वृंदा एडिसनला राहते. ओक ट्री रोडवर तिच्या ओळखीचे एक टेलर, ब्लाउजवर मशीनची एम्ब्रॉयडरी करतात. तिला सांगितलं: मरून रंगाच्या बावीस शाली घे, प्रत्येकीच्या खांद्यावर येईल असं सोनेरी जरीत हे अक्षर काढून घे. एकवीस मुली आणि बाविसावी त्यांच्या सल्लागार बाईंना. वृंदाने फोन करून विचारलं, "टेलरकाका विचारतायत, ही घोड्याची नाल आहे का? टेक्ससला पाठवायचंय म्हणून?" आम्ही दोघी खूप हसलो. नाल असती तर बरं झालं असतं, निदान शुभ तरी.

सल्लागार बाई म्हणजे मिस कॅरल. शाळेत लायब्ररियन होत्या, निवृत्त. उंच, वाकलेल्या, दंडावर सनस्क्रीनचे पांढरे पट्टे तसेच राहिलेले. तरुणपणी ओहायोत शिकताना त्या याच संघटनेत होत्या. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा हात पुढे करून म्हणाल्या, "मी कॅरल. थीटा." मी नागपूरची म्हणते तसं. मला नंतर ईराने सांगितलं की ती थीटा शाखा कधीच बंद पडली आहे, पण अक्षर अजून राखून ठेवलंय. मला वाटलं, बंद पडलेल्या गोष्टीचं नाव इतक्या ऐटीत काय सांगायचं. तेव्हा मला बऱ्याच गोष्टींबद्दल काय काय वाटायचं.

इन्स्टॉलेशनचा दिवस दसऱ्याच्या आदल्या शनिवारचा. गाडीच्या डिकीत बावीस शाली आणि बावीस नारळ. चार तास प्रत्येक वळणावर नारळ गडगडत होते आणि प्रत्येक गडगडीला मिलिंद माझ्याकडे बघत होते. कॉलेजच्या स्टुडंट सेंटरमधला एक हॉल, पांढरे टेबलक्लॉथ, लिंबूपाणी, छोटे छोटे सँडविच. मुलींचा त्यांचा गुप्त विधी आत झाला होता. आता आईबापांसमोर सनद वाचायची आणि नाव जाहीर व्हायचं. मुली पांढऱ्या ड्रेसमध्ये ओळीने उभ्या. मुख्य कार्यालयातून आलेल्या बाई अजून माइकशी झटापट करत होत्या.

मंडळात माइक चालत नसला की आम्ही सत्कार उरकून घेतो. सवय. मी पुढे झाले. मिलिंदने मागून दंड धरला, तो सोडवला. बॉक्स उघडला, पहिली शाल घेतली आणि अध्यक्ष म्हणून पहिला मान ईराचा, तिच्या खांद्यावर घातली. नीट बसवली, अक्षर समोर येईल अशी. हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

ईराने मान खाली करून अक्षर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला तो मी बघितला, आणि मला वाटलं, पोरगी भारावली. पुढच्या मुलीला घातली. तिच्या पुढच्या. सातवीपर्यंत पोहोचले तेव्हा लक्षात आलं की टाळ्या थांबल्या आहेत. एक मुलगी शालीला हात न लावता, नारळ पोटाशी धरून भिंतीकडे बघत उभी होती. माइकवाल्या बाई माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू, माझ्या कोपराला हात लावून म्हणाल्या, "मॅम, आमच्याकडे ओमेगा कोणत्याच शाखेला देत नाहीत. ते आमच्या गेलेल्या भगिनींचं आहे."

गेलेल्या म्हणजे कुठे गेलेल्या, असं विचारायला तोंड उघडलं, आणि मग कळलं.

संघटनेतली बाई वारली की तिचं नाव तिच्या शाखेतून काढून ओमेगा शाखेत घालतात. सायनंतर म्हणून सरळ अल्फा अल्फा येतं. तिथल्या प्रत्येक मुलीला ते पाठ होतं. आणि मी, तिची आई, नवरात्रात, चांगलं नटूनथटून, हसत हसत माझ्या हातांनी माझ्या लेकीच्या अंगावर मेलेल्यांची शाल पांघरली होती. वर नारळ.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. टेक्ससची धरणी कडक आहे.

तेवढ्यात मिस कॅरल लांब ढांगा टाकत आल्या. बॉक्समधून एक शाल काढली, उलटीसुलटी करून बघितली, म्हणाल्या, "यातली एक माझ्यासाठी आहे ना?" मी कशीबशी मान हलवली. त्यांनी ती स्वतःच पांघरली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा लायब्ररियनच्या आवाजात म्हणाल्या, "इथे सगळ्यांत आधी मलाच लागणार आहे. आणि मी थीटा, तुम्हाला आज नवं अक्षर मिळणार, तर आपली भेट कुठे व्हायची? शाखा सगळ्यांच्या वेगळ्या. शेवटची तेवढी सगळ्यांची एक." कोणीतरी हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. माइक सुरू झाला. सनद वाचली. अल्फा अल्फा. मुलींनी माना वाकवून शाली काढल्या, नीट घड्या घालून माझ्या हातात दिल्या. कोणी वाईट बोललं नाही, तेच जास्त लागलं. नारळ मात्र त्यांनी ठेवून घेतले.

ईराने आपली शाल सगळ्यात शेवटी दिली. पार्किंगमध्ये आली आणि म्हणाली, "यू नेव्हर आस्क, आई. यू जस्ट डू." मी काहीतरी बोलायला गेले. तिने हात वर केला. "माझ्या पेरेंट-टीचर मीटिंगला लाडू आणलेस, विचारलं नाहीस. माझं रश झालं नाही तर त्या सोरोरिटीच्या ऑफिसला ईमेल केलीस, विचारलं नाहीस." त्या ईमेलचं तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. "हा एक दिवस माझा होता."

ती थँक्सगिव्हिंगला आली नाही. डिसेंबरात आली, तेव्हा नीट वागली, पाहुणी वागते तशी. जेवणात मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणाली नाही. मला रागही यायचा. एवढं काय झालं? चूक झाली, माफी मागितली, शाली उचलून आणल्या. कुठल्या कोण ग्रीकांची अक्षरं, त्यांना यांच्या शाखांशी घेणं ना देणं, आणि त्यांच्यापायी माझी पोरगी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते. शाली पाहुण्यांच्या खोलीच्या कपाटात वरच्या फळीवर टाकल्या. फेकवेनात, कोणाला देववेनात. देणार कोणाला? मंडळात? तिथे सगळे साठीच्या पुढचे.

हळूहळू सुरळीत झालं, पण एक दार ओढून घेतलेलं राहिलं. ईरा पास झाली, रेडमंडला नोकरीला लागली. रविवारी फोन करते. मी काही विचारलं की सांगते, आपणहून सांगत नाही. आणि मी पोळ्या लाटताना, हायवेवर एक्झिट चुकवताना, तोच हॉल बघते. लेकीच्या खांद्यावर शाल नीट बसवणारे माझे हात. मी देवभोळी नाही, पण गेली चार वर्षं ईराचा अवेळी फोन आला की आधी वाईटच मनात येतं. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

रियाला घेऊन शिल्पाची गाडी गेली त्याच दुपारी असा अवेळी फोन आला. मंगळवार. मी हातातलं भांडं तसंच ठेवलं.

"आई, मिस कॅरल गेल्या."

आधी सुटकेचा श्वास आला, मग त्या श्वासाची लाज वाटली. झोपेतच गेल्या म्हणे. ईरा आणि पाच-सहा जणी फ्यूनरलला जाऊन आल्या होत्या, मला कळवलंही नव्हतं. शवपेटी उघडी होती. मिस कॅरलनी मुलीला लिहूनच ठेवलं होतं म्हणे, आणि त्यांच्या खांद्यावर ती मरून शाल होती. माझी. जरीचं अक्षर समोर, नीट बसवलेलं.

मी पलंगावर बसले. ईरा बोलत होती, इंग्रजीत, भरभर, लहानपणी शाळेतून आल्यावर बोलायची तशी. "तिथे सगळ्या जणी रडत होत्या आणि मग सगळ्या विचारायला लागल्या, आपल्या शाली कुठे आहेत? आई, तू टाकल्यास का?"

"टाकते कशाला?"

"सगळ्यांना हव्या आहेत. जिची तिला. जपून ठेवायला, म्हणजे, यू नो. पाठवशील? मी अ‍ॅड्रेसेस देते."

घ्या. चार वर्षांपूर्वी ज्यांनी घडी घालून परत दिल्या, त्यांना आता पोस्टाने हव्यात. मुली आता बोस्टनपासून सॅन डिएगोपर्यंत पसरलेल्या. म्हटलं, पाठवते बाई. स्टूल आणलं, फळीवरून बॉक्स काढला. एकवीस शाली, एकीलाही कसर नाही. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पाकिटांचा पसारा. मिलिंदने पत्त्यांची लेबलं छापून दिली आणि प्रत्येकीवर एक नंबर टाकला, कारण नंबर टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वीस पाकिटं झाली. एकविसावं लेबल रेडमंडचं.

ती शाल मी हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. बाकीच्या वीस आयांचं मला माहीत नाही, पण मला ती पाकिटात घालवेना. मनात आलं, हिला सांगावं तुझी सापडत नाही. कसरीने खाल्ली म्हणावं. मला अशा थापा झटकन सुचतात. थाप मारणं म्हणजे न विचारता करणंच की. पुन्हा.

मी फोन लावला. रविवार नव्हता.

"वीस पाठवल्या," मी म्हटलं. "तुझी राहिली आहे."

"ओके. का?"

"ईरा, ती मी तुला एकदा घातली आहे. माझ्या हाताने पुन्हा नाही पाठवू शकत मी." माझा आवाज मलाच परका वाटला. "माझ्याकडे राहू दे का? माझ्या कपाटात. मी आहे तोवर. नंतर कपाट उघडशील तेव्हा घेशील. चालेल का तुला?"

तिला आयुष्यात मी किती वेळा काही विचारलं असेल ते दोघीही आठवत असू.

"राहू दे, आई," ती मराठीत म्हणाली. मग जरा थांबून, "खालच्या फळीवर ठेव. स्टूलवर चढू नकोस."

खालच्या फळीवर माझ्या साड्या असतात. त्यातल्या दोन वर सरकवल्या आणि तिथे ठेवली.